मी जागीच होते

"अगं, हे कधीपासून लाल आहे?"

सोबतची मुलगी वॉशरूमला जाऊन आली आणि दारातूनच तिने विचारलं. समोरच्या भिंतीवर सर्व्हरवर लक्ष ठेवायच्या स्क्रीन्सची रांग, त्यातल्या डावीकडून तिसऱ्या स्क्रीनवर एक चौकोन लालभडक होऊन लुकलुकत होता आणि मी बरोब्बर त्याच्यासमोर बसले होते. म्हणजे पेंगत वगैरे नव्हते हं, टेबलावर डोकं टाकलेलं नव्हतं, खुर्चीत ताठ, डोळे उघडे, हात माऊसवर. "आत्ताच झाला असेल," मी म्हटलं आणि अगदी मनापासून म्हटलं. लॉग उघडला तर अलर्ट आला होता पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी. घड्याळात ४:१८ झाले होते. अकरा मिनिटं.

नुकसान काही झालं नाही, जोडीचा सर्व्हर आपोआप सुरू झाला होता, रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली आणि विषय संपला. माझ्यासाठी मात्र संपला नाही. कामात चुका आधीही झाल्या होत्या, कुणाच्या होत नाहीत, पण ही चूक करताना मी तिथे हजर होते असं माझं ठाम मत होतं. डोळा लागला असता तर एक वेळ समजलं असतं, झोपलो होतो हे माणसाला उठल्यावर तरी कळतं. इथे उठणं असं काही घडलंच नव्हतं. मी आपली बसल्या जागी जागी होते आणि अकरा मिनिटं त्या लाल चौकोनाकडे बघत होते.

तेव्हा मला फिरत्या शिफ्ट करून चार वर्षं झाली होती. एक आठवडा रात्र, मग दुपार, मग सकाळ, परत रात्र. आणि 'मला सवय झालीये आता' हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्यांदा ऐकवलं होतं की मला स्वतःलाच ते पाठ झालं होतं. कॉलेजात 'नाईट मारली' हे आम्ही छाती फुगवून सांगायचो, तीच छाती पुढे नोकरीत आली एवढंच.

त्या प्रकारानंतर मी फोनवर एक साधी टेस्ट उतरवून घेतली. काळा स्क्रीन, काही होत नाही, काही होत नाही, मग अचानक आकडे पळायला लागतात, की बोट टेकवायचं, आकडे थांबतात, किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. परत काळा स्क्रीन. बस, एवढंच. हिची खरी आवृत्ती डेव्हिड डिंगिस आणि जॉन पॉवेल यांनी १९८५ साली बनवली आणि झोपेवर संशोधन करणारे लोक आजही तीच वापरतात. दहा मिनिटं चालते, दोन सिग्नलच्या मध्ये २ ते १० सेकंद असा कसाही वेळ जातो त्यामुळे अंदाज बांधता येत नाही, आणि झोप झालेल्या माणसाला साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. ५०० च्या वर गेलं की त्याला लॅप्स म्हणतात, म्हणजे लक्ष सुटलं. यात हुशारी लागत नाही, सरावाने फारसा फरक पडत नाही, आणि टेस्ट भयंकर कंटाळवाणी आहे. पण तो कंटाळाच तर हवा असतो! मजेशीर काम असलं की झोपाळलेला माणूससुद्धा दहा-पंधरा मिनिटं स्वतःला रेटून नेतो. कोऱ्या स्क्रीनकडे बघत वाट बघायला लावलं की लगेच उघडा पडतो. आणि माझं काम तरी दुसरं काय होतं, हिरव्या चौकोनांकडे बघत लाल होण्याची वाट बघणं.

सुट्टीच्या दिवशी आठ-साडेआठ तास झोपून उठल्यावर माझे आकडे आले २६२, २७१, २५५, २८०, २६८. (फोनची स्क्रीन स्वतःचे काही मिलिसेकंद त्यात घालते, त्यामुळे हे लॅबच्या आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, पण माझे माझ्याशी ताडायला काय हरकत.) मग रात्रपाळीच्या चौथ्या रात्री, पहाटे चारला, ब्रेकमध्ये कोपऱ्यात बसून केली. २९८, ३०५, २९१, १८४०, ३१२, २८७, ६४०, ३०१.

मी त्या १८४० कडे बघतच राहिले.

माझी कल्पना अशी होती की झोप कमी झाली की माणूस सगळीकडून सारखाच मंदावतो, व्होल्टेज कमी झाल्यावर बल्ब मिणमिणतो तसा. आकडे सांगत होते ते वेगळंच, हे तर लूज कनेक्शन होतं! बहुतेक वेळा बल्ब जवळजवळ नेहमीसारखाच पेटतोय, आणि मध्येच पावणेदोन सेकंद सरळ अंधार, आणि परत लख्ख. त्या अंधाराची मला आठवणसुद्धा नव्हती. माझ्या लेखी आकडे पळायला लागले आणि मी लगेच बोट टेकवलं. तशी सरासरी काढली तर कुणी म्हणेल थोडी स्लो आहे बिचारी, पण सरासरीने काही होत नसतं, घात त्या एका आकड्यात असतो.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा शोध काही माझा नाही. विल्यम्स, ल्युबिन आणि गुडनाऊ या तिघांनी १९५९ सालीच हे मांडलं होतं की जागरणाने कामगिरी सगळी एकसारखी घसरत नाही, तिला भोकं पडतात, आणि जागरण वाढेल तशी भोकं वाढतात आणि मोठी होतात. अर्थात भोकांच्या मधला भागही हळूहळू मंदावतो हे पुढे दिसलं, माझे २६० चे ३०० झालेच होते की, पण भोकांपुढे ते काहीच नाही.

आत नेमकं काय होतं हे समजायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. २०११ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला उंदरांवर एक प्रयोग झाला. उंदरांना जास्त वेळ जागं ठेवलं होतं, मेंदूत बारीक तारा, आणि काम असं की पंजा पुढे करून साखरेची गोळी उचलायची. उंदीर जागा आहे, डोळे उघडे आहेत, हालचाल करतोय, पण मेंदूच्या पृष्ठभागावरच्या काही पेशी क्षणभर बंद पडताहेत, गाढ झोपेत पडतात तशा. सगळ्या एकदम नाही, इथल्या थोड्या, मग तिथल्या थोड्या. आणि पंजा हलवायच्या जरा आधी त्या कामाच्या भागातल्या पेशी अशा बंद पडल्या की गोळी हुकायची शक्यता वाढायची. म्हणजे जागं असणं आणि झोपलेलं असणं यांच्यामध्ये जी पक्की भिंत आपण धरून चालतो ती तशी नाहीच, उंदीर जागा असतो आणि उंदराचा थोडा मेंदू झोपलेला असतो. २०१७ मध्ये माणसांतही याच्या जवळचं काही दिसलं. मिरगीच्या शस्त्रक्रियेआधी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा पेशंटना रात्रभर जागल्यावर चित्रं दाखवली, तर उत्तर द्यायला उशीर व्हायच्या आधी त्यांच्या पेशींचा प्रतिसादच उशिरा आणि क्षीण यायचा. चित्र डोळ्यांपर्यंत पोचलेलं, आत त्याची दखल घ्यायला कुणी वेळेवर हजर नाही.

हे वाचून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. डोळ्यात तेल घालून पहारा करणं हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला त्याने रात्रपाळी केलेली नसणार, कारण डोळे उघडे ठेवणं हा मुद्दाच नसतो.

या सगळ्याची सुरुवात मात्र त्याहून जुनी आहे आणि मला ती फार आवडते. १८९६ साली आयोवा विद्यापीठातल्या पॅट्रिक आणि गिल्बर्ट या दोघांनी तीन जणांना सलग ९० तास जागं ठेवलं आणि ठराविक वेळाने त्यांचा रिअ‍ॅक्शन टाइम, पकडीची ताकद, पाठांतर असं सगळं मोजलं. पहिला जो होता त्याला दुसऱ्या रात्रीनंतर दिसायला लागलं की जमिनीवर तेलकट असा थर पसरलाय आणि त्यातले कण वळवळताहेत, आणि कधी तो थर जमिनीच्या फूटभर वर दिसायचा, मग तो त्याच्यावर पाय ठेवायला जायचा आणि त्याला नीट चालता येईना. माझी मजल कधी तेलकट थरापर्यंत गेली नाही. पण रात्रपाळीच्या शेवटच्या तासात नजरेच्या कडेला कुणीतरी उभं असल्यासारखं वाटून मी मान वळवायचे ते आठवलं, आणि आपल्या त्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भावंडाबद्दल जरा माया वाटली.

आता पहाटे चारच का. लाल चौकोन चारला, माझे सगळ्यात वाईट आकडे साडेतीन ते साडेपाचमधले, आणि सोबतच्या सगळ्यांचं म्हणणं तेच, बारा-एकला काही वाटत नाही, तीननंतर जड जातं. आपल्याकडे पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणतात. बाकी कुठल्या वेळच्या झोपेला असं लाडाचं नाव नाही. ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्याकडे ना थर्मामीटर होता ना लॅब, पण वेळ अगदी बरोबर पकडली होती.

स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ साली याचा जो हिशोब मांडला तो आजही चालतो. झोपेच्या मागे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे दाब. उठल्या क्षणापासून झोपेचा दाब साठायला लागतो, जितका वेळ जागे तितका जास्त, आणि झोपलं की उतरतो. दुसरं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, जेमतेम २०,००० पेशींचा एक पुंजका आहे, तो आपण किती झोपलो याची पर्वा न करता स्वतःच्या तालावर चालतो, दिवसा जागं राहायला ढकलतो आणि रात्री ते ढकलणं सोडून देतो. शरीराचं तापमान साधारण पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली जातं, आणि रिअ‍ॅक्शन टाइम बऱ्यापैकी त्या तापमानाच्या मागोमाग चालतो. म्हणजे रात्रपाळीवाल्याची पहाटे चारला दोन्हीकडून कोंडी, दाब शिगेला आणि वर ढकलणारं घड्याळ तळाला.

पण यातली खरी खोच पुढे आहे आणि ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. सहा-साडेसहाला उजाडतं आणि एकदम तरतरी येते. मला वाटायचं संपलं, निघाली रात्र, सेकंड विंड वगैरे. प्रत्यक्षात दाब तर आणखी वाढलेला असतो, एक मिनिटही झोप झालेली नसते, फक्त घड्याळ वर चढायला लागलेलं असतं आणि त्याच्या आधाराने आपण उभे असतो. त्या उसन्या तरतरीवर मी रोज पावणेसातला स्कूटर काढायचे.

एके दिवशी सिग्नल ओलांडून पुढे आल्यावर माझ्या लक्षात आलं की सिग्नल लाल होता की हिरवा हे मला माहीत नाही. विसरले असं नाही, माहितीच नाही. आधीचा चौक आठवतोय, त्यानंतर एकदम पुढची कमान. मध्ये किती गेलं असेल, तीनशे मीटर? मागे वळून बघितलं, रस्ता आपला नेहमीसारखा, लोक चाललेत. गाडी बाजूला लावली आणि फुटपाथवर बसून राहिले. हात थरथरत होते, आणि तरीही (हे सांगायलाच हवं) त्याच वेळी तिथेच आडवं व्हावं इतकी झोप येत होती. भीतीने झोप उडते म्हणतात. उडते, दोन मिनिटं.

हिशोब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तीन सेकंदांची एक डुलकी, की गेले ६६ मीटर कुणीही चालवत नसताना. मी त्या दिवशी ताशी चाळीसनेच चालले होते म्हणून हे लिहितेय.

१९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ऑस्ट्रेलियात चाळीस जणांवर एक सरळसोट तुलना केली. तेच लोक एकदा जागे ठेवून आणि एकदा दारू पाजून, आणि दोन्ही वेळा हात आणि डोळे जुळवायची तीच टेस्ट. सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी झाली, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखी. ०.०५ ही बऱ्याच देशांत गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे. आता १७ तास म्हणजे फार काही नाही हो, सकाळी सहाला उठून रात्री अकराला गाडी चालवत घरी येणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. पिऊन आलेल्याचा निदान वास येतो.

आणि पिणाऱ्याशी आणखी एक साम्य आहे, माझ्या मते सगळ्यात वाईट तेच. 'मला काही झालेलं नाही.'

२००३ साली हान्स व्हॅन डोंगेन, डिंगिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ जणांना लॅबमध्ये ठेवलं. काहींना रोज आठ तास झोप, काहींना सहा, काहींना चार, सलग १४ रात्री. एक गट तीन रात्री अजिबात न झोपणारा, तुलनेसाठी. सहा किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचे लॅप्स दिवसामागून दिवस वाढतच गेले, कुठे सपाट होईनात, आणि शेवटी घसरण थेट एक ते दोन रात्री सलग जागलेल्या माणसाच्या पातळीला जाऊन पोचली. सहा तास झोपणारे! सहा म्हणजे आपल्यातल्या कितीतरी लोकांची नेहमीची झोप. पण त्यांना रोज हेही विचारत होते की तुम्हाला किती झोप येतेय. त्या उत्तरांचा आलेख पहिले काही दिवस चढला आणि मग जवळजवळ आडवा झाला. म्हणजे कामगिरी घसरत होती आणि माणसं सांगत होती की ठीक आहे, थोडी झोप येतेय, जमतंय.

मी हा आलेख पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्यात माझी चार वर्षं दिसली. 'सवय झालीये' म्हणजे काय तर ती दुसरी रेघ आडवी झालीये. पहिली चाललीच आहे. ज्या मेंदूने जागरणाची तक्रार करायची तोच जागरणाने बोथट झालाय, तर तक्रार येणार कुठून. वजनकाट्याला स्वतःचंच वजन करायला सांगितल्यासारखं.

घरच्यांना मात्र दिसतं. आई म्हणायची, "अगं, तू हो म्हणालीस, पण मी काय विचारलं ते सांग बघू." मला ते सांगता यायचं नाही आणि मग मी चिडायचे, आणि चिडणं हेही त्यातलंच असतं हे मला तेव्हा कोण सांगणार, आई सांगायची पण आईचं कोण ऐकतं. थोडक्यात, मी किती झोपाळलेय याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज माझ्याशिवाय कुणालाही होता.

शनिवार-रविवारी झोपून भरपाई करता येते हाही माझा आवडता समज. २००३ सालीच बेलेंकी आणि सहकाऱ्यांचा असाच एक प्रयोग आला, आठवडाभर कमी झोप आणि मग तीन रात्री आठ-आठ तास. तीन रात्रींनंतरही आधी कमी झोपलेल्यांचा वेग मूळ जागी आला नव्हता. अर्थात सगळी माणसं सारखी नसतात. काही जण जागरणात खरंच कमी ढासळतात, आणि अगदी थोड्यांना जनुकातल्या बदलामुळे मुळातच सहा-सव्वासहा तास पुरतात, २००९ मध्ये असं एक कुटुंब सापडलंसुद्धा. पण गंमत अशी की मला आजवर भेटलेल्या प्रत्येक रात्रपाळीवाल्याला आपण त्याच कुटुंबातले आहोत असं वाटतं. मलाही वाटायचं.

घड्याळाला आपण वळण लावू शकतो का, याचं उत्तर शोधायला झोपेचे संशोधक नॅथॅनिएल क्लाइटमन १९३८ मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत जाऊन राहिले, सोबत एक तरुण सहकारी, रिचर्डसन. ३२ दिवस, वर सूर्य नाही, आणि दिवस ठरवला २८ तासांचा. बघूया शरीर ऐकतं का. तरुणाच्या शरीराने बऱ्यापैकी ऐकलं, तापमान नव्या दिवसाप्रमाणे वरखाली व्हायला लागलं. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनच्या शरीराने साफ नकार दिला, ते शेवटपर्यंत जुन्याच चोवीस तासांच्या आसपास फिरत राहिलं. पुढे १९९९ मध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने प्रकाश काटेकोरपणे मंद ठेवून मोजलं तेव्हा माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं निघालं. म्हणजे ते रोज जरासं मागे पडतं आणि सकाळचा उजेड रोज ते पुढे सरकवून जुळवून घेतो.

या अकरा मिनिटांतून (योगायोग बघा, माझीही अकराच) एक व्यवहाराची गोष्ट निघते. उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून शिफ्ट फिरवायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने फिरवाव्यात. १९८२ मध्ये झाइस्लर आणि मंडळींनी युटातल्या एका खनिज कारखान्यात नेमकं हे करून बघितलं, उलटा क्रम सुलटा केला, आणि एका गटाला आठवड्याऐवजी २१ दिवसांनी बदल दिला. लोकही खूश झाले आणि उत्पादनही वाढलं. आमची शिफ्ट रात्र, दुपार, सकाळ. उलटी. मी हे सगळं नीट लिहून वर मेल केला तर उत्तर आलं की रोस्टर सिस्टिमच बनवते, सिस्टिममध्ये तो ऑप्शन नाही. सिस्टिमला झोप येत नाही, तिचं काय जातंय.

आणि हा काही एका ठिकाणचा दोष नाही. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या आयसीयूत शिकाऊ डॉक्टरांवर अभ्यास झाला, तर २४ तासांहून लांब शिफ्ट करणाऱ्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या, आणि रात्री त्यांचं लक्ष सुटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं, तेही डोळ्यांच्या आपोआप होणाऱ्या संथ हालचाली मोजून पकडलेलं, कुणाला विचारून नाही. तरी सलग छत्तीस तास उभं राहिलेल्या डॉक्टरचं आपण कौतुकच करतो. छत्तीस तास दारू पिऊन उभं राहिलेल्याचं केलं असतं का?

लोक अशा वेळी अणुभट्ट्यांच्या अपघातांची, चेर्नोबिल रात्री १:२३ ला आणि थ्री माइल आयलंड पहाटे ४ ला, अशी यादी काढतात. मला ती यादी फेकायला नको वाटते, कारण त्या प्रत्येक अपघातामागे यंत्रांची, आराखड्याची, माणसांची दहा कारणं होती आणि सगळं झोपेवर टाकलं की बाकीचे सुटतात. पण २०१० मधल्या मंगळूरच्या विमान अपघाताचं मी विसरू शकत नाही. दुबईहून साधारण साडेतीन तासांचा प्रवास, रात्रीचा, आणि कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज. उतरायच्या थोडं आधी ते उठले. चौकशीत जे मुद्दे आले त्यात एक हा होता की खोल झोपेतून उठल्यावर मेंदूवर जी झापड राहते त्यात निर्णय चुकले. १५८ माणसं गेली. ही झापड साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास टिकते, पहाटेच्या वेळी तर जास्तच, आणि त्या काळात माणूस न झोपलेल्यापेक्षाही वाईट असू शकतो.

म्हणून डुलकी काढावी की नाही यावर इतका काथ्याकूट. माझं मत काढावी, पण छोटी, आणि लगेच काम हातात घ्यायचं नाही. नासाने एका प्रयोगात लांबच्या विमानांतल्या वैमानिकांना पाळीपाळीने चाळीस मिनिटं विश्रांती देऊन बघितली, ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतरचा त्यांचा सावधपणा न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगला होता. कॉफीचं तसं नाही. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, झोपेचा तो जो दाब म्हटला त्याचा मोठा भाग तोच, आणि कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन आपलं बाहेर रांगेत उभंच असतं. शिवाय कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात, त्यामुळे पहाटे पाचच्या कपाने मी सकाळी नऊची माझीच झोप मोडायचे आणि पुढच्या रात्री परत दोन कप जास्त. हे चार वर्षं चाललं.

सिग्नलच्या त्या प्रकारानंतर मी स्कूटर सोडली आणि कंपनीच्या कॅबने जायला लागले. तिथे काका भेटले. बावीस वर्षं ट्रक, मग कॅब, त्यातली निम्मी वर्षं रात्रीची. मला पुढच्या सीटवर बसवायचे. "ताई, बोलत राहा. विषय कुठलाबी चालंल." त्यांचा स्वतःचा एक नियम होता जो मला कुठल्याही पेपरात सापडला नाही. "जांभया येतात तोवर मी भीत नाही. जांभया थांबल्या की भीतो." झोप येतेय असं आतून कुणीतरी ओरडत असतं तोवर ठीक, ते ओरडणं बंद झालं की समजायचं ओरडणारा झोपला. व्हॅन डोंगेनच्या आलेखातली ती आडवी रेघ या माणसाला स्टीअरिंगवर बसल्या बसल्या कळलेली होती.

एका सकाळी, हिवाळ्यातली, धुकं होतं, मी काहीतरी बोलत होते आणि काकांनी इंडिकेटर दिला, गाडी एका बंद पंपाच्या आवारात घेतली आणि इंजिन बंद केलं.

"जांभया थांबल्यात," ते म्हणाले. "वीस मिनिटं पडतो. तुम्ही जाग्या आहात न्हवं?"

"हो हो. तुम्ही झोपा, मी उठवते."

"नक्की ना? न्हाईतर गजर लावतो."

"अहो काका, मला सवय आहे. झोपा तुम्ही."

त्यांनी सीट मागे केली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि मिनिटभरात श्वास संथ झाला. मी समोर बघत बसले. काचेवर धुक्याचे थेंब जमत होते, एक थेंब दुसऱ्याला मिळायचा आणि मग दोघं घसरत खाली यायचे. डॅशबोर्डवरच्या घड्याळात ७:१२ झाले होते. मी मनात म्हटलं ७:३२ ला उठवायचं. एक थेंब वायपरपर्यंत आला. दुसरा येत होता.

"ताई."

काका सीट सरळ करून बसले होते, टोपी मांडीवर, माझ्याकडे बघत होते. काच कोरडी होती. बाहेर धुकं नव्हतं, पंपाच्या पत्र्यावर चांगलं ऊन आलं होतं.

"मी जागीच होते," मी म्हटलं.

काकांनी काही न बोलता बोटाने घड्याळ दाखवलं. आठ वाजून चार मिनिटं.